पोटगी : दान नव्हे, देणे

“फारकत झाली, नाते तुटले, आता त्यांच्या पैशाला हात कशाला लावायचा?” असे म्हणणाऱ्या बाया तुम्ही पाहिल्या असतील. “कोर्टाने मोकळे केले, आता देणे कसले?” असे म्हणणारे नवरेही पाहिले असतील. दोघांचेही म्हणणे कायद्याला धरून नाही. लग्न मोडले म्हणजे जबाबदारीही मोडली, असे होत नाही. ते कसे, हे आज आपण पाहू.

पोटगी हा शब्द पोटाशी जोडलेला खरा. पण कायदा नुसत्या दोन घासांचा विचार करीत नाही. जुन्या कागदांत ‘अन्नवस्त्र’ म्हणत. आजचे न्यायालय त्यात राहण्याची सोय, औषधपाणी, मुलांचे शिक्षण हेही धरते. आणि संसार चालू असताना राहणी कशी होती, तेही पाहते.

मागण्याचे मुख्य रस्ते दोन. पहिला, विवाहाच्या कायद्यातला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दावा चालू असतानाच खर्च मागता येतो. कलम २५ प्रमाणे हुकूमनाम्याच्या वेळी, किंवा त्यानंतरही, कायमची पोटगी मागता येते. आणि बरे का, या कायद्याखाली मागणारा नवराही असू शकतो!

दुसरा रस्ता सर्व धर्मांच्या लोकांचा. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. जिचा स्वतःचा निर्वाह चालत नाही अशी पत्नी यात येते. घटस्फोटानंतर पुन्हा लग्न न केलेली स्त्रीही येते. मुस्लिम घटस्फोटितेलाही हा मार्ग मोकळा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितले. अर्जासाठी नवऱ्याच्या गावी खेपा घालायला नकोत. बाई जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज चालतो.

आता समजा, मिरजेची एक बाई आहे. घटस्फोटाला दोन वर्षे झाली. भावाकडे राहते, शिवणकामाचे महिन्याला चार हजार मिळतात, पदरी शाळेत जाणारी मुलगी. शेजारीण म्हणते, “तू कमावतेस, तुला कसली पोटगी?” हे चूक आहे. थोडी कमाई आहे एवढ्याने हक्क जात नाही. ती पुरते का, हा खरा प्रश्न. आणि मुलीचा हक्क आईच्या हक्काहून वेगळा. आईने आपला सोडला म्हणून मुलीचा सुटत नाही.

पण या बाईने दोन वर्षे गप्प बसून एक मोठे नुकसान करून घेतले. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. अर्जाच्या तारखेपासून, ध्यानात घ्या! मग अर्जाआधीचे ते चोवीस महिने? ते हातचे गेले.

किती मिळेल, याचा ठरीव कोष्टक नाही. दोघांची मिळकत, गरजा आणि जबाबदाऱ्या पाहून न्यायालय आकडा ठरवते. त्याच निकालाप्रमाणे दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागते. तेव्हा कागद जपा : बँकेचे पासबुक, फीच्या पावत्या, औषधांची बिले, आणि मिळाला तर नवऱ्याच्या जमिनीचा सात-बारा. धडधाकट माणसाने “मला काम नाही” एवढेच म्हटले, तर त्याची सुटका होत नाही.

हुकूम होऊनही पैसे थकले तर? कलम १४४ च्या हुकमाखाली वसुलीचे वॉरंट निघते; तरीही न दिल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. इथेही आळस नडतो.

देणाऱ्याचीही बाजू कायदा विसरलेला नाही. नोकरी गेली, मोठे आजारपण आले, तर रक्कम कमी करून मागता येते. महागाईने, मुलांच्या वाढत्या खर्चाने भागेनासे झाले, तर बाईला वाढवूनही मागता येते. तिने पुन्हा लग्न केले, तर नवऱ्याला आपल्यावरचा हुकूम रद्द करून घेता येतो.

संमतीने वेगळे होताना एकरकमी पैसे ठरतात. तेव्हा ‘पुढे काही मागणार नाही’ या ओळीपाशी थांबा. ती रक्कम किती वर्षे पुरेल, मुलांचे काय, याचा हिशेब घरी करा, मगच सही.

“वकिलाला पैसे कुठून आणू?” ही अडचण खरी आहे. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती कुठे बसते, एवढे विचारा.

संसारात बाईने वर्षे घातली, हात झिजवले. त्याचा मोबदला मागणे ही भीक नव्हे. ते देणे आहे. आणि देणे वेळेवर मागावे, हेच शहाणपण.