जपानी शेतकरी कुटुंबातील भाजी-उंड्यांचे सार

भात हे जपानी जनतेचे मुख्य अन्न होय. तथापि पूर्वी त्या देशाच्या सर्वच भागांत भाताचे पीक भरवशाचे नव्हते. उत्तरेकडील इवाते प्रांतात उन्हाळ्यात थंडी पडल्यास भात बुडे. क्यूशू बेटावरील ओइता प्रांतात, जेथे भातास पाणी पुरत नसे तेथे गव्हावर भिस्त ठेवावी लागे. अशा भागांत गव्हाच्या पिठाचे उंडे भाज्यांच्या सारात शिजविण्याची पद्धत रूढ झाली. या पदार्थास सर्वसाधारणपणे ‘सुइतोन’ म्हणतात. ओइतात त्यास ‘दांगोजिरू’ व इवातेत ‘हित्त्सुमी’ असे नाव आहे. तेथे कणीक हाताने तोडून सारात सोडतात, त्यावरून हे नाव पडले.

दुसऱ्या महायुद्धात व १९४५ नंतरच्या टंचाईत तांदूळ दुर्मिळ झाला, तेव्हा शहरांतील असंख्य कुटुंबांनी सुइतोनवर दिवस काढले. त्या वेळी पिठात कोंडा मिसळलेला असे आणि भाजी म्हणून रताळ्याचे वेलही घालीत. आजही १५ ऑगस्टच्या सुमारास काही ठिकाणी मुलांना तसे सार मुद्दाम चाखावयास देतात. परंतु घरच्या मळ्यात भाज्या असल्या, तर हाच पदार्थ सकस व रुचकर होतो.

साहित्य (चार माणसांसाठी)

गव्हाचे बारीक पांढरे पीठ २०० ग्रॅम, मुळा २०० ग्रॅम, गाजर १०० ग्रॅम, अळूचे लहान कंद २०० ग्रॅम, वाळलेली शिताके अळिंबी ४, कांद्याची पात, वाळविलेल्या लहान तारल्या २० ग्रॅम, मिसो सुमारे ६० ग्रॅम, चिमूटभर मीठ व सव्वा लिटर पाणी. मिसो म्हणजे शिजविलेल्या सोयाबीनमध्ये मीठ आणि तांदळावर किंवा जवावर वाढविलेली ‘कोजी’ बुरशी मिसळून, कित्येक महिने मुरविलेला लगदा होय.

कृती

१. पिठात मीठ घालून सुमारे १२० मिलिलिटर पाण्याने कणीक मळावी. ती कानाच्या पाळीइतकी मऊ असावी, असे जपानी गृहिणी सांगतात. ओल्या फडक्याखाली ती अर्धा तास ठेवावी, म्हणजे ओढताना तुटत नाही.

२. तारल्यांची डोकी व आतडी काढावीत, नाहीतर सार कडवट होते. उरलेल्या पाण्यात तारल्या व अळिंबी अर्धा तास भिजवून, मंद आचेवर दहा मिनिटे उकळावे. नंतर तारल्या काढून घ्याव्यात. अळिंबी चिरून पुन्हा घालावी.

३. मुळा, गाजर व सोललेले कंद यांचे तुकडे प्रथम घालावेत, कारण त्यांस शिजण्यास वेळ लागतो.

४. भाज्या अर्धवट शिजल्यावर कणकेचे लहान तुकडे तोडून, बोटांनी चपटे करून, कढ आलेल्या सारात एकेक सोडावेत. ते वर तरंगू लागल्यावर आणखी तीन-चार मिनिटे शिजवावेत.

५. मिसो थोड्या गरम सारात कालवून शेवटी घालावा, पात पेरावी व भांडे लगेच उतरवावे. मिसो घातल्यानंतर उकळी दिल्यास त्याचा सुवास उडून जातो.

घ्यावयाची काळजी

उंडा जाड राहिल्यास बाहेरून शिजलेला दिसला तरी आत कच्चा राहतो. म्हणून एक उंडा मोडून पाहावा; मध्ये पिठाचा पांढरा ठिपका दिसता कामा नये. अळूचे कंद पूर्ण मऊ शिजवावेत, अन्यथा घशास खाज सुटते. पिठामुळे सार दाट होऊन तळाशी लागते, यासाठी मधूनमधून ढवळावे. मिसोत मीठ भरपूर असते, त्यामुळे चव पाहिल्यावाचून वेगळे मीठ घालू नये.

पोषणदृष्ट्या महत्त्व

गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो व सोयाबीनमध्ये तो भरपूर असतो. त्यामुळे दोन्ही एकत्र आल्याने एकाची उणीव दुसरा भरून काढतो. भाज्यांतील जी द्रव्ये पाण्यात उतरतात, ती सारासकट पोटात जातात, फेकली जात नाहीत.

महाराष्ट्रातील वरणफळे किंवा चकोल्या यांची घडण याच तत्त्वावर आहे. तेथे सोयाबीनचे काम तुरीची डाळ करते. वरणफळांत मुळा, गाजर किंवा पालेभाजी घातल्यास एकाच भांड्यात धान्य, डाळ व भाजी यांचे जेवण तयार होते. ग्रामसेविकांनी पाककृतीच्या प्रात्यक्षिकात हे दोन्ही पदार्थ शेजारी शेजारी करून दाखविल्यास गृहिणींच्या ते सहज ध्यानात येईल.