फ्यूज कोणाला वाचवतो?

चितेगाव हे पैठण रस्त्यावरचं औद्योगिक गाव. पाळी सुटली की कामगारांच्या दुचाकी, मोटारी, मालाचे टेम्पो आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या, सगळी वर्दळ एकाच रस्त्यावर येते. ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही. म्हणून रात्री जाणारा-येणारा माणूस गाडीला जादा दिवे लावून घेतो. मग मोठा हॉर्न येतो, गाण्यांचा अ‍ॅम्प्लिफायर येतो. गरजही समजते, हौसही समजते. पण ही जोडणी चालू असताना एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘अहो, बाराच तर व्होल्ट आहेत, काय होतंय?’

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, हे खरं. पण बारा व्होल्ट आग लावू शकतात. 55 वॅटचा दिवा घरात 230 व्होल्टवर पाव अ‍ॅम्पिअरहूनही कमी प्रवाह घेतो. तेवढ्याच वॅटचा दिवा मोटारीत साडेचार अ‍ॅम्पिअरहून जास्त घेतो. असे दोन दिवे म्हणजे नऊ अ‍ॅम्पिअरच्या वर. शिवाय प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. आणि वायर कुठे बॉडीला टेकून शॉर्ट झालं, तर बॅटरी शेकडो अ‍ॅम्पिअर एका दमात सोडते. स्टार्टर फिरवण्यासाठी ती तशीच बनवलेली असते. बारीक वायर काही क्षणांत लालभडक होते, तिच्यावरचं प्लास्टिक पेटतं, आणि शेजारीच इंधनाची नळी असते.

इथे फ्यूज कामाला येतो. तो दिव्याचं किंवा टेपचं रक्षण करतो, असा आपला समज असतो. खरं तर तो राखण करतो वायरीची. एवढं ध्यानात आलं, की पुढचे दोन्ही नियम आपोआप कळतात.

पहिला नियम जागेचा. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ, शक्यतो वीतभर अंतरावर हवा. पुष्कळदा तो दिव्याजवळ बसवलेला दिसतो. मग बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची सगळी वायर उघड्यावरच राहिली! ती मध्येच कुठे घासली, तर फ्यूजला पत्ताही लागत नाही. डिकीतल्या अ‍ॅम्प्लिफायरची वायर गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. तिथे हा नियम पाळलाच पाहिजे.

दुसरा नियम मापाचा. फ्यूज दिव्यांच्या प्रवाहापेक्षा थोडा मोठा, पण वायरीला सोसेल त्यापेक्षा लहान हवा. आपल्या दोन दिव्यांना अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि 15 अ‍ॅम्पिअरचा, म्हणजे निळ्या रंगाचा, फ्यूज ठीक. लाल फ्यूज 10 चा, पिवळा 20 चा, हिरवा 30 चा. निळा वारंवार उडतो म्हणून हिरवा घालणं म्हणजे राखणदार भुंकतो म्हणून त्याला हाकलून देणं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळणं तर त्याहून वाईट. फ्यूज उडाला की दोष शोधायचा, फ्यूज वाढवायचा नाही.

जादा दिव्यांचा भार गाडीच्या मूळ दिव्यांच्या वायरीवर किंवा डॅशबोर्डच्या बटणावर टाकू नये. त्यासाठी रिले असतो. बटणातून रिलेपुरता किरकोळ प्रवाह जातो आणि मोठा प्रवाह बॅटरीकडून फ्यूज आणि रिलेमार्गे थेट दिव्याला मिळतो. वायर पत्र्याच्या भोकातून नेताना रबरी वाशर हवाच, कारण हादऱ्यांनी पत्र्याची धार प्लास्टिक कापते. जोड नुसता पिळून टेप गुंडाळू नये. बोनेटखालच्या उष्णतेने टेपचा डिंक सुटतो. योग्य मापाचा लग दाबून बसवावा आणि वायर सायलेन्सरच्या पाइपापासून लांब बांधावी. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं ऋण टोक सोडायला विसरू नये.

हे सगळं आपण स्वतः करावं असं नाही. पण गाडी ताब्यात घेताना मिस्त्रींना तीन प्रश्न जरूर विचारा : फ्यूज कुठे बसवला? किती अ‍ॅम्पिअरचा? आणि वायर किती जाडीची? चांगला कारागीर बोनेट उघडून दाखवेल. फ्यूजला लागतात थोडेसे पैसे. रात्री गाडीत मागे झोपलेली असतात आपली मुलं.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)