वाफ दिसत नाही, म्हणून

लहान मुलांना स्वयंपाकात मदत करायची हौस असते आणि ती पुरवावी. मात्र ‘गॅसजवळ जाऊ नकोस’ एवढे सांगून भागत नाही. ज्योत दिसते, वाफ दिसत नाही.

उकळत्या पाण्याच्या किटलीकडे दुरून पाहा. तोटीच्या अगदी जवळ काहीच दिसत नाही; पांढरा लोट थोडा पुढे सुरू होतो. तो लोट म्हणजे पाण्याचे सूक्ष्म थेंब. खरी वाफ असते ती त्या ‘रिकाम्या’ जागेत!

१०० अंश सेल्सिअसचे एक ग्रॅम पाणी ३७ अंशांपर्यंत, म्हणजे शरीराच्या तापमानापर्यंत निवताना ६३ कॅलरी उष्णता देते. तेवढ्याच तापमानाची एक ग्रॅम वाफ त्वचेवर आली, की आधी तिचे पाणी होते. या अवस्थांतरातच सुमारे ५४० कॅलरी बाहेर पडतात. हाच अप्रकट उष्मा. पुढच्या ६३ मिळवल्या, की बेरीज ६०३, म्हणजे साडेनऊ पटींहून अधिक. त्यात मुलांची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ. तीच उष्णता तिथे लवकर खोलवर पोहोचते.

पुऱ्या तळताना तेल सुमारे १८० अंशांवर असते. ओल्या हातावरून पाण्याचा थेंब त्यात पडला, तर तो तेलापेक्षा जड असल्याने खाली जातो, क्षणात त्याची वाफ होते आणि आकारमान दीड हजार पटींहून अधिक वाढते. तेल उडते ते यामुळे.

यावरून कामांची वाटणी ठरवता येते. मटार सोलणे, कोथिंबीर निवडणे, कणीक मळणे, रवा-साखर मापाने मोजणे ही कामे मुलांची. तीही ओट्यापासून दूर, जमिनीवर बसून. झाकण काढणे, कुकर उघडणे, फोडणी आणि तळण मोठ्यांचे. झाकण काढताना आधी पलीकडची कड उचलावी, म्हणजे वाफ चेहऱ्यावर येत नाही. कढई-पातेल्यांचे दांडे आतल्या बाजूला वळवावेत.

तरीही भाजलेच, तर तो भाग लगेच नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नये. बांगडी, अंगठी, कपडा काढावा. त्वचेला चिकटलेला कपडा मात्र ओढू नये. मूल लहान असेल किंवा फोड आले, तर डॉक्टरांना दाखवावे.

अप्रकट उष्मा शिकवताना वरची बेरीज फळ्यावर विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावी. घरी धाकट्या भावंडाला झाकणापासून दूर ठेवताना त्यांना त्यामागचे कारणही सांगता येईल.