काम विचारा, पण जपून विचारा!

आमच्या वस्तीतील एक मावशी चार घरची धुणीभांडी करून संसार चालवतात. त्यांच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झाले, काखेतील गाठीही काढल्या. औषधोपचाराचा खर्च सरकारी योजनेतून भागला. पुढे तीन आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, शेक घ्यायचे ठरले. वेळ मिळाली सकाळी अकराची. नेमकी घरकामाची वेळ!

मावशी पाच दिवस गेल्या. सहाव्या दिवशी दोन घरच्या बायांनी, "उद्यापासून दुसरी बाई बघतो," असे सुनावले. मावशींनी जाणे बंद केले. रुग्णालयाच्या कागदावर शेरा पडला, 'रुग्ण आला नाही.' का आला नाही, हे कोणी विचारले नाही.

आम्हाला कळले तेव्हा आमच्यातील दोघी त्यांना घेऊन परत गेल्या. तेथील एका सिस्टरने सहज विचारले, "मावशी, सकाळी कामावर असता का?" एवढाच प्रश्न. वेळ बदलून दुपारी तीनची झाली आणि शेक पुरे झाले. मधले दिवस मात्र वाया गेले. शेकांत असा खंड पडणे रुग्णाच्या हिताचे नसते.

आज आपल्या घराघरांतून मुली परिचारिका होत आहेत. मुले टेक्निशियन, वॉर्डबॉय, डॉक्टर, समाजसेवा अधिकारी होत आहेत. त्यांच्यासाठीच आम्ही हे लिहीत आहोत.

विश्रांती कोणाला परवडते?

"आता काम सोडा, विश्रांती घ्या," असे सांगणे सोपे आहे. पण ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याच्यासाठी विश्रांती म्हणजे उपास. असा माणूस डॉक्टरांपुढे मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप कामावर जातो, नाहीतर उपचार सोडतो. म्हणून पहिल्या भेटीतच कामाचा विषय निघाला पाहिजे.

पण कसा? आपल्या लोकांना "काय काम करता?" हा प्रश्न नवा नाही. गावात हा प्रश्न जात काढण्यासाठी विचारला जात असे आणि शहरातही तो संपलेला नाही. त्यामुळे झाडूकाम करणारा भाऊ टेबलासमोर नुसते "नोकरी" म्हणतो आणि गप्प बसतो. तेव्हा आधी कारण सांगावे: "दादा, औषधांमुळे तुमच्या कामाला त्रास होऊ नये आणि कामामुळे तब्येतीला होऊ नये, म्हणून विचारते." चारचौघांत मोठ्याने विचारू नये. 'नोकरी' एवढे लिहून थांबूही नये. दिवसभर हाताने काय करता, किती वजन उचलता, किती वेळ उभे राहता, उन्हात की घाणीत, खाडा झाला तर पगार कापतात का, हे विचारावे.

कामाप्रमाणे सल्ला

रोग तोच असला तरी सल्ला प्रत्येकाला एकच चालत नाही. काखेतील गाठी काढलेल्या बाईच्या हाताला पुढे सूज येऊ शकते. तिने व्यायाम करावा, हात हळूहळू कामाला लावावा, पण भरलेल्या बादल्या एकदम उचलू नयेत. त्या हाताला कापणे-भाजणे होऊ नये म्हणून भांडी घासताना हातमोजे घालावेत.

केमोच्या काही औषधांनी बोटे बधिर होतात, मुंग्या येतात. शिलाई करणाऱ्या ताईला आणि गाडी चालवणाऱ्या भावाला हे आधीच सांगायला हवे. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातील पांढऱ्या पेशी फार कमी होऊ शकतात. कचरा, गटार यांच्या कामावरील माणसाने त्या दिवसांत तेथे जाऊ नये. ताप १००.४ च्या वर गेला तर घरी न थांबता थेट रुग्णालय गाठावे. तोंडाचे ऑपरेशन झालेल्या भाजीवाल्याला ओरडून माल विकता येईल का, पोटाचे ऑपरेशन झालेल्या हमालाला ओझे कधी उचलता येईल, हेही बोलले पाहिजे.

दाखल्यावर नुसते 'हलके काम द्यावे' लिहून मुकादम ऐकत नाही. किती वजन, किती तास, किती आठवडे, हे स्पष्ट लिहावे. आणि रोगाचे नाव लिहू का, हे रुग्णाला आधी विचारावे. कर्करोग संसर्गजन्य नाही, तरीही नाव कळताच काम गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

हक्क सांगा

उपचारांना योजना आहेत, पण बुडालेला रोज त्या भरून देत नाहीत. येथे राज्य कामगार विमा योजना कामाला येते. विमा असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, नोकरीचा काळ वगैरे अटी पुऱ्या होत असतील, तर ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. हे अनेक कामगारांना ठाऊकच नसते. तेव्हा "विम्याचे कार्ड आहे का?" हा प्रश्न सिस्टरनेही विचारावा.

या योजनेशी आपले नाते जुने आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अदारकरांकडे सोपवले गेले ते १९४३ साली, याच काळात. पुढे १९४८ साली कायदा झाला. घरकामगार, फेरीवाले, नाक्यावरचे मजूर यांना मात्र असा भत्ता मिळत नाही. त्यांच्यासाठी उपचाराची सोयीची वेळ मिळवून देणे, हीच मोठी मदत ठरते.

रुग्ण बंधू-भगिनींनाही आमचे सांगणे आहे. लाजू नका, लपवू नका. केसपेपर पुढे करताना स्वतःच म्हणा, "मी अमुक काम करतो, खाडा झाला तर पोट चालत नाही, काय करता येईल ते सांगा." मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो, त्याची खोली विचारून घ्या.

आमच्या मावशी आज दोन घरची कामे करतात, हातमोजे घालून. सुटलेली दोन घरे काही परत मिळाली नाहीत. तो प्रश्न पहिल्याच दिवशी कोणी विचारला असता, तर तीही राहिली असती.