दारावरचा दिवा

३२, ३५, १३९ आणि २२६. न्हाणीघरातल्या आरशासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर किती उजेड पडतो, त्याचे हे चार हिशेब आहेत. एकक लक्स, म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन. पहिला आकडा ९ वॅटच्या एलईडी बल्बचा, बाकीचे तिन्ही १० वॅटचे. वीज जवळपास तेवढीच, उजेड मात्र सातपट. दिवा कुठे ठोकला, एवढाच काय तो फरक.

रत्नागिरीतल्या कुठल्याही मध्यम फ्लॅटचं न्हाणीघर डोळ्यांपुढे आणा. चार बाय सात फूट, वर गिझरसाठी पोटमाळा, बटनं दाराबाहेर आणि दिवा दाराच्या चौकटीवर. वायर कमीत कमी लागावी म्हणून वायरमनने तो तिथे दिलेला असतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, त्याला आरसा कुठे लागणार हे कोणी सांगितलेलंच नसतं. आरसा पुढे बेसिनवर, बरोब्बर समोरच्या भिंतीला लागतो. मग दाढी करणाऱ्याच्या टाळूवर लख्ख उजेड आणि गालावर त्याचीच सावली.

३२ हा आकडा या दिव्याचा. ९ वॅटचा चांगला बल्ब सुमारे ९०० ल्युमेन देतो. तो चहूकडे सारखा पसरतो असं धरलं, तर दीड मीटरवर ३२ लक्स उरतात. तेही तुम्ही दाराकडे तोंड केलंत तर, म्हणजे आरशाकडे पाठ. आरशाकडे वळलात की फरशीवरून उलटून येईल तेवढ्यावर भागवायचं. तुलनेसाठी, २००५ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरातल्या न्हाणीघरासाठी १०० लक्स, स्वयंपाकघरासाठी २०० आणि सलग वाचनासाठी ३०० लक्स सुचवले होते. हनुवटीखालचे खुंट शोधणं हे काम माझ्या मते वाचनाच्या जास्त जवळचं.

आपल्या आजोबांना ही अडचण नव्हती. चिऱ्याच्या घरात न्हाणीघर अंधारं, पण दाढी तिथे कोण करायचं? आरसा पडवीच्या खांबाला टांगलेला असायचा, पाण्याची वाटी कठड्यावर, आणि आगराकडून येणारा उजेड थेट तोंडावर. ढगाळ दिवशीसुद्धा उघड्यावर काही हजार लक्स सहज असतात. त्यातले थोडे पडवीत शिरले तरी पुरे. ती सोय फ्लॅटने काढून घेतली. शिवाय रत्नागिरी देशाच्या पश्चिम कडेला, घड्याळ मात्र ८२.५ अंश रेखांशावरचं. त्यामुळे जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, पण जानेवारीअखेर सात वाजून गेल्यावर. साडेसहाला आवरून सातची एसटी पकडणाऱ्याला त्या दिवसांत खिडकीचा काही उपयोग नाही.

आता पुढचे आकडे. दिवा आरशाच्या वर आणायचा हे बहुतेकांना सुचतं. किती वर, याचा विचार क्वचितच होतो. डोळे जमिनीपासून १५० सेंटीमीटरवर आणि माणूस भिंतीपासून ४५ सेंटीमीटरवर धरू. दोन फुटी, १० वॅटची, १,००० ल्युमेनची एलईडी बॅटन १९५ सेंटीमीटरवर लावली तर चेहऱ्यावर १३९ लक्स येतात. तीच बॅटन ‘पाणी उडायला नको’ म्हणून २४० वर चढवली की ३५. अंतर वाढलं की उजेड त्याच्या वर्गाने घटतो, आणि वरून तिरपा येणारा उजेड चेहऱ्याला निसटता लागतो. दोन्हींचा मार एकदम बसतो. हातभर उंची वाढली आणि तीनचतुर्थांश उजेड गेला.

२२६ लक्स मिळतात ते त्याच १० वॅटचे दोन तुकडे केल्यावर. एक फुटी, ५ वॅटच्या दोन बॅटन आरशाच्या दोन्ही बाजूंना, मध्यापासून ३० सेंटीमीटरवर, डोळ्यांच्या उंचीला उभ्या लावायच्या. नाकाखालची सावलीही जाते, कारण उजेड पडवीतल्यासारखा आडवा येतो. एवढा उजेड दारावरून आणायचा म्हटलं तर तिथे ९ वॅटचे सात बल्ब लागतील. हे सगळं कागदावरचं ढोबळ गणित आहे. भिंती पांढऱ्या असतील तर प्रत्यक्षात आणखी उजेड मिळेल. पण आकड्यांची आपसातली चढउतर बदलणार नाही.

खर्च? एलईडी बल्बच्या ‘उजाला’ योजनेची सुरुवात ५ जानेवारी २०१५ ला झाली. सरकारी घाऊक खरेदीतला बल्ब २०१४ च्या आरंभी ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ वर आला. पुढे अशा ३६ कोटींहून जास्त बल्बांचं वाटप झालं. उजेड इतका स्वस्त झाला की आता पैसे जातात ते वायर आणि मजुरीत. रत्नागिरीच्या राम आळीतल्या दुकानात दर विचारून घ्या. हिशेबासाठी दोन बॅटनचे ३००, वायर आणि केसिंग पट्टीचे २००, स्क्रू ५० आणि वायरमनचे ४०० धरले, तर ९५० रुपये होतात. रोज दोन तास लावल्या तर वर्षाला ७.३ युनिट, युनिट ८ रुपयांनी धरलं तर ५८ रुपये. जुना ६० वॅटचा पिवळा गोळा ४३.८ युनिट, म्हणजे ३५० रुपये खायचा. व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडलं की त्याचा उजेड तीस टक्क्यांनी घटायचा, हे गावाकडच्यांना सांगायला नकोच. मागून उजळणारे तयार आरसे दिसतात छान, पण त्यांचा बराचसा उजेड भिंत उजळण्यातच खर्ची पडतो.

रंगाबद्दल थोडक्यात. आपल्याकडे न विचारता हातात पडतो तो ६५०० केल्विनचा निळसर पांढरा. ४००० केल्विनचा मागा, आणि पाकिटावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ८० च्या वर आहे ना ते बघा. दुकानात लावून बघताना दिव्याकडे नको, स्वतःच्या तळहाताकडे बघा. तळहात मेलेला दिसला तर चेहराही तसाच दिसणार.

पाकिटावर आयुष्य २५,००० तास लिहिलेलं असतं. दिवसाला दोन तास म्हणजे चौतीस वर्षं! वर्षाला तीन हजार मिलिमीटरवर पाऊस आणि वर खारा वारा असलेल्या गावात या आकड्यावर हसण्यापलीकडे काही करता येत नाही. इथे दिवा जळून मरत नाही, गंजून मरतो. म्हणून पत्र्याची बॅटन नको, प्लॅस्टिकची घ्या. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे. आणि शिंतोड्यांपासून बचाव सांगणारा किमान आयपी ४४ हा शिक्का. साधी बॅटन आयपी २० ची असते, तिला पाण्यापासून काहीच संरक्षण नसतं. शॉवर त्याच खोलीत असेल तर दिवा त्याच्या फवाऱ्यापासून निदान ६० सेंटीमीटर बाजूला हवा. वीज गळाली की पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात नसेल, तर ९५० रुपयांचा बेत थांबवून आधी तो बसवावा. तो वेगळा खर्च आहे, पण त्यात काटकसर नको.

भिंतीला भोक पाडण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. दारावरचा दिवा बंद करून घरातल्या दोघांना आरशाच्या दोन्ही बाजूंना मोबाइलचे टॉर्च धरून उभं करायचं, हात वरखाली करायला लावायचे आणि चेहरा नीट दिसला की पेन्सिलीने खूण. आता डोळे कोणाचे धरायचे, यावर घरात वाद होईल. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. तेव्हा खूण आजोबांच्या उंचीला करा. नातवाला मिसरूड फुटायला अजून अवकाश आहे.