चुकांची वही

पहिल्यांदा नापास झाले तेव्हा घरी कुणाला सांगितलंच नाही. चाळिशीत परीक्षेला बसायचं आणि वर नापास व्हायचं! जाऊबाईंनी मात्र चेहऱ्यावरून ओळखलं.

परीक्षा होती ‘सीआयपीपी/ई’. युरोपात लोकांच्या खासगी माहितीचं संरक्षण करणारा ‘जीडीपीआर’ हा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे, त्यावरची. अमेरिकेतली आयएपीपी ही संस्था ती घेते. मी घरून ज्या कंपनीचं काम करते, तिचे ग्राहक युरोपातले. प्रमाणपत्र मिळालं तर वरचं काम मिळणार होतं. पहिली फी कंपनीने भरली, दुसरी मी भिशीतून. आता नापास होणं परवडणारच नव्हतं.

चुकलं कुठे? कायद्यात ९९ कलमं. ती मी शाळेतल्या सनावळ्यांसारखी घोकली. पण ही परीक्षा प्रसंग देते आणि विचारते, आता काय कराल?

सरावातलाच एक प्रकार सांगते. समजा, आपलं नेहमीचं साडीचं दुकान जर्मनीत आहे. दुकानदार बिल करताना आपला मोबाइल नंबर घेतो आणि सेलचे मेसेज पाठवायचं काम दुसऱ्या कंपनीला देतो. नंबर कशासाठी वापरायचे हे दुकानदार ठरवतो, म्हणून तो ‘कंट्रोलर’. त्याच्या सांगण्यावरून मेसेज पाठवणारी कंपनी ‘प्रोसेसर’. आता त्या कंपनीकडून नंबर फुटले. कंपनीने काय करायचं? मला ‘७२ तास’ पाठ! सरकारी यंत्रणेला ७२ तासांत कळवायचं, या पर्यायावर मी डोळे झाकून खूण केली. चूक. कंपनीने विनाविलंब दुकानदाराला कळवायचं. ७२ तासांची मुदत दुकानदाराची, आणि लोकांना धोका संभवत नसेल तर तीही नाही. ग्राहकांना कळवायचं ते धोका मोठा असेल तेव्हा.

म्हणून दुसऱ्या वेळी मुलाची अर्धी कोरी वही घेतली आणि तिला नाव दिलं ‘चुकांची वही’. चुकलेला प्रश्न, बरोबर उत्तर आणि बाकीचे तीन पर्याय का चूक, हे मराठीत लिहायचं. वाचायचं इंग्रजीत, कारण पेपर मी इंग्रजीतून देणार होते. ‘अनलेस’ दिसला की लाल पेन. कायद्याची निम्मी गंमत त्या ‘अनलेस’च्या पुढे असते! मग दुपारी मटार सोलता सोलता जाऊबाईंना समजवायचं. त्यांनी ‘म्हणजे गं?’ विचारलं आणि मी अडखळले, की समजायचं, मलाच कळलेलं नाही.

नापास झाल्यावर मिळालेला निकालाचा कागद मी आधी फाडणार होते. बरं झालं नाही फाडला! कुठल्या विभागात किती कमी पडले, ते त्यात होतं. कुठल्या विभागावर साधारण किती प्रश्न येतात हे संस्था आधीच जाहीर करते. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि जिथे मार्क जात होते तिथेच वेळ घातला. संस्था निदान ३० तास अभ्यास करा म्हणते. मला बरेच जास्त लागले. पहाटे पाच ते साडेसहा, फोन दुसऱ्या खोलीत.

प्रश्न ९०, वेळ अडीच तास. म्हणजे एका प्रश्नाला १०० सेकंद. रविवारी घरच्यांना सिनेमाला पाठवून अख्खा पेपर एका बैठकीत सोडवायचे. पहिल्या रविवारी पासष्टाव्या प्रश्नालाच डोकं चालेना. शेवटच्या प्रश्नांना ताकद उरावी याचीही सवय लागते, हे तेव्हा कळलं. नव्वदातले १५ प्रश्न नुसते चाचणीचे असतात, त्यांचे मार्क धरत नाहीत. कुठले ते मात्र सांगत नाहीत. त्यामुळे एखादा भलताच प्रश्न आला तरी घाबरायचं नाही.

आपल्याकडेही २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. जीडीपीआर शिकताना तो शेजारी ठेवून वाचला, तर दोन्ही लक्षात राहतात.

उत्तीर्ण व्हायला ५०० पैकी ३०० लागतात. दुसऱ्या वेळी मला मिळाले. त्या संध्याकाळी जाऊबाई आणि मी खरंच साडी घ्यायला गेलो. बिल करताना काउंटरवरच्या मुलाने नंबर विचारला. मी तोंड उघडायच्या आत जाऊबाई म्हणाल्या, ‘‘कशाला हवाय?’’