सुटला, पण कसा? काउंटी जेलच्या नोंदींबद्दलचे गैरसमज

अमेरिकेत बेसमेंट भाड्याने द्यायचं असो, मुलं सांभाळायला बाई ठेवायची असो की रूममेट ठरवायचा असो, आपल्या मंडळींचा पहिला हात गूगलकडे जातो. नाव टाकायचं, कुठल्याशा साइटवर भिंतीपुढे उभं करून काढलेला फोटो दिसला आणि खाली ‘अरेस्टेड’ असं वाचलं, की चौकशी संपली. मग तो स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो आणि तासाभरात ग्रुपने त्या माणसाला शिक्षाही सुनावलेली असते. अमेरिकेत जेलच्या नोंदी बऱ्याच अंशी खुल्या आहेत, हे खरंच आहे. पण कोणती नोंद कोणाकडे असते, ती किती दिवस दिसते आणि तिच्यावरून काय ठरतं, याबद्दल तिथे वीस-वीस वर्षं राहिलेल्यांचाही चांगलाच गोंधळ असतो.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की काउंटी जेलमध्ये जाऊन आलेला माणूस शिक्षा भोगून आलेला असतो. तसं बहुतेक वेळा नसतं. काउंटी जेल शेरीफच्या ताब्यात असतं आणि हा शेरीफ बहुतेक राज्यांत लोकांनी निवडून दिलेला असतो. तिथे दोन प्रकारची माणसं असतात: खटल्याची वाट पाहणारी, आणि साधारण वर्षभरापर्यंतची छोटी शिक्षा झालेली. (कॅलिफोर्नियात २०११ नंतर काही लांब शिक्षाही काउंटीतच भोगाव्या लागतात, तो अपवाद.) मोठ्या शिक्षेचे कैदी राज्य सरकारच्या किंवा केंद्राच्या प्रिझनमध्ये जातात. ते खातं वेगळं आणि त्यांच्या नोंदीही वेगळ्या. २०२३ च्या मध्याला देशभरातल्या स्थानिक जेलमध्ये साधारण ६ लाख ६० हजार माणसं होती आणि त्यांतल्या सुमारे ७० टक्के लोकांवर कुठलाही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. वर्षभरात जेलच्या दारातून आत जाण्याचे प्रसंग मात्र ७० लाखांच्या वर. म्हणजे बहुतेक जण काही तासांत किंवा काही दिवसांत बाहेर पडतात.

बाहेर पडतात ते कसे, हे समजून घ्यायला शेरीफच्या साइटवरची एक ओळ नीट वाचू. आधी नाव, मग बुकिंग नंबर, वय किंवा जन्मतारीख, अटकेची तारीख आणि वेळ, आरोपाचं कलम, जामिनाची रक्कम, आणि शेवटच्या दोन रकान्यांत सुटकेची वेळ आणि सुटकेचं कारण. सगळा अर्थ त्या शेवटच्या रकान्यात असतो आणि लोक नेमका तोच वाचत नाहीत. तिथे ‘ओआर’ असेल, तर माणसाला पैसे न घेता, तारखेला हजर राहीन एवढ्या लेखी हमीवर सोडलेलं आहे. ‘बॉण्ड’ असेल तर जामीन भरला. या दोन्हींत खटला अजून जिवंत आहे. ‘टाइम सर्व्ह्ड’ म्हणजे आत काढलेले दिवस शिक्षेत धरले गेले, तेव्हा बहुधा दोषी ठरलेला आहे. ‘नो चार्जेस फाइल्ड’ अशा अर्थाचं काही असेल तर सरकारी वकिलाने आरोपच ठेवला नाही. आणि ‘दुसऱ्या एजन्सीच्या ताब्यात’ अशी नोंद असेल, तर तो सुटलेलाच नाही. शेजारच्या काउंटीने, राज्याच्या प्रिझनने किंवा इमिग्रेशन खात्याने त्याला नेलं आहे. पाच माणसं एकाच दुपारी ‘रिलीज्ड’ दिसतील आणि पाचांची कथा वेगळी असेल.

हे जामीन प्रकरणही राज्यागणिक बदलतं. इलिनॉयने १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशांचा जामीनच बंद केला. शिकागोच्या कुक काउंटी जेलमधून सुटलेल्या माणसाच्या नोंदीत आज जामिनाची रक्कम दिसली नाही, तर ‘याचा गुन्हा किरकोळ असणार’ असा तर्क लढवण्यात अर्थ नाही. तसंच, विनावॉरंट अटकेनंतर सर्वसाधारणपणे ४८ तासांच्या आत अटकेला पुरेसा आधार आहे का, हे न्यायाधीशाने पाहिलं पाहिजे, असा सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा निकाल आहे. तो निघाला कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड काउंटीच्या खटल्यातून. तेव्हा दोन दिवसांत सुटका हा काही निर्दोष असल्याचा दाखला नाही आणि दोन दिवस आत राहिला हा दोषी असल्याचाही नाही. जेलची नोंद फक्त एवढं सांगते की अमुक माणूस अमुक वेळी आत आला आणि अमुक वेळी बाहेर गेला. पुढे काय झालं ते कोर्टाच्या क्लार्ककडे. आरोप मागे घेतला, सौदा झाला, निर्दोष सुटला की शिक्षा झाली, हे सगळं खटल्याच्या फाइलमध्ये मिळतं. बहुतेक काउंटी कोर्टांचा ऑनलाइन शोध असतो. खटला केंद्राच्या कोर्टात असेल तर ‘पेसर’ नावाची व्यवस्था आहे: पानाला १० सेंट, एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत ३० डॉलरपर्यंतचा वापर माफ.

‘सगळ्या जेलची एक मोठी यादी असेलच ना?’ नाही. देशात तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचं दप्तर स्वतंत्र. एफबीआयच्या देशव्यापी गुन्हेनोंदी पोलिसांसाठी असतात. सामान्य माणसाला तिथून फक्त स्वतःची नोंद मागवता येते, शेजाऱ्याची नाही. केंद्राच्या प्रिझन खात्याच्या साइटवर १९८२ पासूनच्या कैद्यांचा शोध घेता येतो, सुटलेल्यांचासुद्धा, पण तो केंद्राच्या कैद्यांपुरताच. काउंटी जेलमध्ये तीन रात्री काढलेला माणूस तिथे सापडणार नाही, आणि नाही सापडला म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

बरं, काउंटी कोणती, हेही दिसतं तितकं सोपं नाही. डॅलसजवळच्या फ्रिस्कोत आपले लोक खूप. पण फ्रिस्को शहर कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत पसरलेलं आहे. शिकागोजवळचं नेपरव्हिल तसंच ड्युपेज आणि विल काउंटीत. घराचा पत्ता बघून उपयोग नाही, अटक कुठे झाली ते लागतं. न्यूयॉर्क शहरात तर पाच काउंट्या असूनही जेल चालवतं ते शहराचं स्वतःचं खातं. रायकर्स आयलंड त्याच्याच ताब्यात. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात. आणि अलास्का, कनेक्टिकट, डेलावेअर, हवाई, ऱ्होड आयलंड आणि व्हरमाँट या सहा राज्यांत जेल आणि प्रिझन मिळून राज्याचीच एकत्र व्यवस्था आहे. तिथे काउंटी शेरीफची कैद्यांची यादी शोधत बसणं फुकट.

नाव यादीत दिसलं नाही म्हणजे अटक झालीच नव्हती, हा आणखी एक घाईचा निष्कर्ष. शेरीफच्या साइटवरची यादी मुख्यतः आज आत असलेल्यांची असते. माणूस सुटला की काही ठिकाणी लगेच, काही ठिकाणी काही दिवसांनी नाव उतरतं. दप्तरातली नोंद मात्र राहते आणि ती अर्ज करून मागावी लागते. त्यात आपल्या नावांची तऱ्हा निराळी. वडिलांचं नाव मधल्या नावात गेलेलं, आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर दुसरं. उलट बाजूने, एकाच नावाचे दहा पाटील आणि वीस जोशी. जन्मतारीख किंवा बुकिंग नंबर जुळल्याशिवाय ‘हाच तो’ म्हणू नये. चुकीच्या जोश्याला घर नाकारण्याचं पाप उगाच कशाला?

अर्ज कुठल्या कायद्याखाली करायचा, इथेही घसरगुंडी आहे. १९६६ चा माहितीस्वातंत्र्याचा केंद्रीय कायदा, ज्याला सगळे ‘फोया’ म्हणतात, तो फक्त केंद्राच्या खात्यांना लागू होतो. काउंटीच्या शेरीफला ‘फोयाखाली माहिती द्या’ असं पत्र लिहिलं तर ते चुकीच्या कायद्याचं पत्र होतं. लागतो तो त्या त्या राज्याचा कायदा. आपल्याकडच्या माहिती अधिकाराची सवय असलेल्यांना हे विचित्र वाटेल, कारण आपल्याकडे २००५ चा एकच कायदा ग्रामपंचायतीपासून दिल्लीपर्यंत चालतो आणि उत्तराची मुदत ३० दिवस. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १० दिवसांत माहिती देणार की नाही ते कळवावं लागतं, इलिनॉयमध्ये कामाच्या ५ दिवसांत उत्तर. आणखी एक फरक: आपला कायदा नागरिकांपुरता आहे, तर अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत कोणीही मागू शकतो, व्हिसावर असलेलासुद्धा. काही राज्यांनी मात्र हा हक्क आपल्याच रहिवाशांपुरता ठेवला आहे. व्हर्जिनियाची तशी अट सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये कायम केली.

काय मागता येतं, याचा चांगला नमुना कॅलिफोर्नियाचा. अटक झालेल्याचं पूर्ण नाव, व्यवसाय, जन्मतारीख, उंची-वजन, अटकेची आणि बुकिंगची वेळ, ठिकाण, घटनेची हकीकत, जामिनाची रक्कम, सगळे आरोप, आणि सुटकेची वेळ व पद्धत, एवढं उघड करावं असं तिथला कायदा सांगतो, विशेषतः ताज्या अटकेबाबत. कुणाच्या जिवाला किंवा तपासाला धोका असेल तर अडवता येतं. अल्पवयीन मुलांच्या नोंदी सर्वसाधारणपणे गोपनीय असतात. इमिग्रेशन खात्याने काउंटी जेलमध्ये ठेवलेल्यांची माहिती जेलने द्यायची नाही, असा केंद्राचा नियम आहे. त्यासाठी त्या खात्याचा वेगळा ऑनलाइन शोध आहे आणि तिथे नावासोबत जन्मदेश भरावा लागतो. अर्जात फार पाल्हाळ नको: नाव, जन्मतारीख, अंदाजे तारीख, आणि ‘बुकिंग शीट व सुटकेची नोंद हवी’ एवढं पुरे.

आता त्या फोटोवाल्या साइट्स. तिथे दिसतं ते अधिकृत असतं असं समजणारे खूप आहेत. प्रत्यक्षात त्या शेरीफच्या पानावरून माहिती उचलून ठेवतात, आणि खटल्याचं पुढे काय झालं ते लिहायचे कष्ट क्वचितच घेतात. ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीचा शेरीफ अटक झालेल्यांचे फोटो तीन दिवस साइटवर ठेवत असे. तिथून ते कुठे कुठे पोचत. आरोप मागे घेतल्या गेलेल्या एका माणसाने दावा केला, खालच्या कोर्टाने तो फेटाळला, आणि २०२४ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तो पुन्हा उभा केला. फोटो काढून टाकायला पैसे मागण्याचा धंदाही चालत होता; कॅलिफोर्नियाने त्यावर कायद्याने बंदी घातली. माझ्या मते हा सरळ खंडणीचाच प्रकार होता.

माणसं शोधून देणाऱ्या साइट्सवर पैसे भरून काढलेला रिपोर्ट नोकरी देताना किंवा घर देताना चालतो, हाही भ्रमच. त्यासाठी १९७० चा केंद्रीय कायदा पाळणारी तपासणी कंपनी लागते, नोकरीसाठी उमेदवाराची लेखी संमती लागते, आणि रिपोर्टमुळे नकार दिला तर तसं त्याला कळवावं लागतं. नुसत्या अटकेची नोंद अशा कंपन्यांना साधारण सात वर्षांनंतर देता येत नाही. मोठ्या पगाराच्या नोकऱ्या त्याला अपवाद. स्पोकियो या कंपनीने हे नियम धाब्यावर बसवून नोकरभरतीसाठी माहिती विकल्याचा आरोप झाला आणि २०१२ मध्ये तिने ८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

चौकशीपेक्षा भीती मोठी असेल, म्हणजे त्रास देणारा माणूस आत आहे आणि कधी बाहेर येईल ही धास्ती असेल, तर रोज यादी उघडत बसायची गरज नाही. ‘व्हाइन’ नावाची फुकट सेवा बहुतेक राज्यांत आहे. नंबर नोंदवला की कैदी सुटताच फोन, मेसेज किंवा ई-मेल येतो. तिचा जन्म केंटकीतल्या लुइव्हिलचा. डिसेंबर १९९३ मध्ये तिथे एका तरुणीचा तिच्या २१ व्या वाढदिवशी खून झाला. खुनी होता जामिनावर सुटलेला तिचा पूर्वीचा मित्र, आणि तो सुटल्याचं तिला कोणीच कळवलं नव्हतं. वर्षभरात ही व्यवस्था उभी राहिली. हे कळवणं गुपचूप होतं, कैद्याला पत्ता लागत नाही.

शेवटचा गैरसमज आपल्या विद्यार्थ्यांचा आणि एच-१बी वाल्यांचा, आणि तो महागात पडतो. ‘केस डिसमिस झाली, रेकॉर्ड पुसलं, आता कुठे लिहायचं काम नाही.’ पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये नोंदी आपोआप बंद करण्याचा कायदा आणला, मागून इतर राज्यं आली. पण असं पुसणं असतं ते राज्यापुरतं. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्मवर कधीही अटक झाली होती का, असा प्रश्न आहे, माफी मिळाली असली तरी. नोंद बंद झाली तरी उत्तर ‘हो’च द्यावं लागतं. म्हणून काउंटी सोडून दुसरीकडे जाण्याआधी, आणि नोंद बंद करण्याचा अर्ज टाकण्याआधी, कोर्टाच्या क्लार्ककडून निकालाची शिक्क्यानिशी प्रमाणित प्रत घ्या, दोन जास्तीच्याही घ्या आणि फॉर्म भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा.